एका पडद्यात मावेल एवढंच

माझ्या घरमालकांचा संगणक अमावास्येला आणि पौर्णिमेला बंद असायचा. सरावलीतल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत मी राहायला गेलो तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याचं काही व्रतबित असेल. मग कळलं, की त्या दोन दिवशी ते सकाळच्या एसटीने पालघरला आणि तिथून रिक्षाने समुद्रकाठच्या माहीमला जातात, दुपारचं उधाण बघतात आणि चहाच्या वेळेपर्यंत परत येतात. दुसऱ्या दिवशी नवा खेळ सुरू. एका उधाणाला धरलेला खेळ पुढच्या उधाणाआधी पुरा झालाच पाहिजे, हा त्यांचा नियम. पंधरा दिवस. नाही झाला तर पुसून टाकायचा.

खेळ म्हणजे व्हिडिओ गेम. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घालणारा, पासष्टी उलटलेला, एकटा राहणारा माणूस खाली बसून स्वतःच्या हाताने गेम बनवतो, हे मला पहिले दोन महिने माहीतच नव्हतं. सकाळी आठ ते बारा खालून कळफलकाचा आवाज यायचा. मी समजत होतो, काका विम्याचं वगैरे काम करत असतील. कारखान्यांचा दुपारचा भोंगा झाला की आवाज थांबायचा, भांड्यांचा आवाज सुरू व्हायचा. एका माणसाच्या जेवणाची भांडी किती लवकर घासून होतात ते वरून ऐकताना लक्षात यायचं.

ते एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. आयुष्यभर गेज आणि मीटर दुरुस्त केले. शेवटच्या काही वर्षांत मशिनं संगणकावर चालायला लागली, तेव्हा कंपनीने त्यांना ट्रेनिंगला पाठवलं. मशिनला सूचना लिहायला ते तिथे शिकले आणि निवृत्त झाल्यावरही ती सवय सुटली नाही. आता सूचना द्यायला मशिन नव्हतं, म्हणून खेळ. लग्न केलं नव्हतं. का, ते मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांचे खेळ एका पडद्यात मावायचे. पडदा सरकायचा नाही, दुसरी पातळी यायची नाही. आणि बटण एकच. खेळणाऱ्यासाठी त्यांनी एक जुना कळफलक ठेवला होता, त्याची सगळी बटणं स्क्रूड्रायव्हरने उचकटून काढलेली. फक्त खालची लांब पट्टी तेवढी उरली होती. एका खेळात दोरीवर बोंबील वाळत होते आणि कावळा यायचा. बटण दाबलं की म्हातारी हात हलवायची. संध्याकाळ झाली की जेवढे बोंबील उरले तेवढे ती टोपलीत भरायची आणि खेळ संपायचा. दुसऱ्यात रेल्वेचं फाटक पडलेलं. बटण दाबून स्कूटर बंद करायची, फाटक उघडलं की परत दाबून सुरू करायची. बस. मी विचारलं, "काका, पण यात जिंकायचं काय?"

"घरी जायचा की नाय त्याला? जातो. तेच जिंकला."

खेळ तयार झाला की समोरच्या इस्त्रीवाल्याला बोलवायचे. तो गोरखपूरकडचा होता. त्याला खुर्चीवर बसवून स्वतः मागे हात बांधून उभे राहायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. इस्त्रीवाल्याने मान वळवून विचारलं, "काका, करना क्या है?" की त्यांचा चेहरा पडायचा. म्हणजे काहीतरी जास्त झालं. तो गेला की ते बसायचे आणि एक गोष्ट काढून टाकायचे. मग परत त्याला हाक. शेवटी एकदा तो म्हणायचा, "काका, इसमें तो कुछ हैइच नहीं." पण म्हणता म्हणता पट्टी दाबत राहायचा, बाहेर कपडे पडलेले असले तरी. त्या दिवशी काका खूश.

मला त्यांनी एकदा समजावून सांगितलं. तेव्हा ते मला अजून अहोजाहो करायचे. "हे बघा, लायनीत दोन किलोचा प्रेशर हाय. तुमी त्याला शंभर किलोचा गेज लावला. दिसायला मोठा हाय, साहेबलोक खूश. पण काटा हलतच नाय. कमी झाला, जास्ती झाला, त्याला काय समजतच नाय. दोन किलोला चारचा गेज लावा. मग बघा काटा कसा बोलतो. आधी रेंज ठरवायची, बाकी सगळा मागनं."

मी मान हलवली, पण मला ते माझ्यासाठी वाटलं नाही. कारण मीही गेम बनवत होतो, आणि माझा गेम मोठा होता.

मी सांगलीकडचा. कुंभवलीजवळच्या एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये संगणकावर बसायचो. कॉलेजातला एक मित्र नाशिकला होता, तो चित्रं काढायचा, मी बाकीचं करायचो. जुन्या काळातला समुद्रव्यापार, डहाणूपासून पार खालपर्यंतचा किनारा, अठ्ठावीस बंदरं, प्रत्येक बंदरात बाजार, भांडणं, लग्नं, वादळं. चार वर्षं झाली होती. इंटरनेटवर आम्ही त्याची चित्रं टाकायचो, लोक विचारायचे कधी येणार, आम्ही म्हणायचो, लवकरच. पुण्याच्या एका कंपनीकडून मला दोनदा बोलावणं आलं होतं, दोनदा मी नाही म्हटलं होतं. गेम झाला की आपल्यालाच लोक बोलावतील, असं मी आईला फोनवर सांगायचो. ती म्हणायची, "झाला की सांग." चौथ्या वर्षी तिने ते म्हणणं सोडलं. मी माझा विषय काढला की ती जेवणाचं विचारायची.

एका रविवारी मी लॅपटॉप घेऊन खाली गेलो आणि काकांना म्हटलं, माझा बघा आता. मनात होतं, की म्हातारा थक्क होईल.

ते दोन तास खेळले. घाई केली नाही, कंटाळलेही नाहीत. एका बंदराच्या बाजारातून चालत राहिले, प्रत्येक माणसाजवळ जाऊन थांबत राहिले. माझ्या बाजारात दोनशेच्या वर माणसं होती. एका डोक्यावर टोपली घेतलेल्या बाईच्या मागे ते बराच वेळ चालले. ती भिंतीपर्यंत जायची, वळायची, परत यायची.

"ही कुठं चाललीय?"

"ती कुठं नाही जात, काका. ती बाजार भरलेला दिसावा म्हणून आहे."

"बोलत नाय?"

"नाही."

"मग तिला बोलावलात कशाला?"

त्यांनी अजून सात-आठ जणांना हटकून पाहिलं. मग लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "माणसं लय हाय. बोलायला कोण नाय," ते म्हणाले.

माझ्या डोक्यात एकदम सणक गेली. चार वर्षांची जागरणं आठवली, नाही म्हटलेल्या नोकऱ्या आठवल्या. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, तुमचे खेळ छोटे असतात, कारण तुम्हाला दाखवायला कुणी नाही. एक इस्त्रीवाला सोडला तर कोण बघतंय? माझ्या गेमची लोक वाट बघतायत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर. तो असता तर बरं झालं असतं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. मग माझा चहाचा कप उचलला, मोरीत नेऊन धुतला, पालथा घातला आणि तिकडेच पाठमोरे उभे राहिले. मी लॅपटॉप काखेत मारून वर आलो.

त्यानंतर तीनेक आठवडे आम्ही बोललो नाही. जिन्यात भेटलो तर ते बाजूला सरून मला जागा द्यायचे. ते बाजूला सरणं मला शिवीपेक्षा लागायचं. माफी मागावी असं रोज वाटायचं आणि रोज कामावर जायला उशीर झालेला असायचा.

मग नाशिकहून मित्राचा फोन आला. मी शिफ्ट संपवून बोईसर स्टेशनकडून चालत येत होतो. रस्त्यात टेम्पोंची रांग लागलेली, त्याचं बोलणं नीट ऐकू येईना, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर बसलो.

"माझ्याकडून नाही होणार रे आता," तो म्हणाला. "बायकोला दिवस गेलेत, आणि ते एकच कारण नाहीये. मला सांग, चार वर्षांत आपण दोघांनी एकदा तरी हा गेम पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळलाय का?"

"अजून शेवट झालाच नाही ना त्याचा."

"तेच म्हणतोय. त्याला शेवट नाहीये. आपण नुसती बंदरं वाढवतोय."

मी त्याला खूप बोललो. दगाबाज म्हणालो. त्याने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ताप वगैरे नव्हता. नुसता पडून होतो. पंखा बघत होतो. गेम उघडायचो, त्या बाजारात उभा राहायचो. माणसं माझ्या अंगावरून इकडून तिकडे जायची आणि मला आठवायचं, यातल्या एकाशीही बोलता येत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. काका होते. माझ्या खोलीचा जिना ते त्या दिवशी पहिल्यांदाच पूर्ण चढले. हातात पेजेचं पातेलं, वर ताटली झाकलेली, आणि काखेत वही.

"पंखा तीन दिवस फिरतोय. माणूस खाली उतरत नाय," ते म्हणाले. "खा."

मी खाल्लं. ते भिंतीला टेकून जमिनीवर बसले. माझं खाऊन झाल्यावर मी सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हटलं, "काका, मी त्या दिवशी बोललो ते..."

"ते बरोबर बोललास." पहिल्यांदाच त्यांनी मला अरेतुरे केलं. "आता माझा ऐक. तुझ्या अठ्ठावीस बंदरात लय माणसं हाय ना? सगळी पुसून टाकायची. एक ठेवायचा. कोण ठेवशील? घाई नाय. ज्याला पुसताना हात थांबेल तो."

मी हसलोच. पण ते वही उघडून, पेन्सिल धरून वाट बघत बसले. आणि खरंच मी एकेक आठवायला लागलो. राजे, सरदार, चाचे, व्यापारी. कुणाचंच काही वाटेना. मग एका खाडीवरचा तरवाला आठवला. खेळणाऱ्याला होडीतून पलीकडे सोडायला मी त्याला घातला होता. दोन वाक्यं होती त्याला, "बसा" आणि "आलं".

"तरवाला," मी म्हणालो.

काकांनी वहीत तेवढंच लिहिलं. खाली एक आडवी रेघ मारली. "उद्या उधाण हाय. तिथून पंधरा दिवस. आज चतुर्दशीलाच सुरू कर, एक दिवस जास्ती घे. तू नवीन हायस."

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. कामावरून आलो की अंघोळ करून खाली जायचो. मी वाढवायचो, ते कमी करायचे. मी वादळ घातलं, ते म्हणाले नको. मासे घातले, म्हणाले कुणासाठी? गुण दाखवायचा आकडा मी वर कोपऱ्यात ठेवला होता, त्यावर त्यांनी नुसतं बोट ठेवलं. पार्श्वसंगीतावरून आमची खरी भांडणं झाली. मला ते पाहिजेच होतं. ते म्हणाले, "एकदा बंद करून बघ." बंद केलं. मग वल्ह्याचा आवाज ऐकू आला. पाण्यात जाण्याचा, आणि वर येताना थेंब पडण्याचा. तो आवाज मीच दोन वर्षांपूर्वी घातला होता आणि संगीताखाली तो मला कधी ऐकूच आला नव्हता.

जे उरलं ते असं. खाडीच्या अलीकडे तरवाला बसलाय. पलीकडून कुणी तरी हाक मारतं. बटण दाबलं की वल्ह्याचा एक फटका. जायचं, माणूस घ्यायचा, परत यायचं. मागे दूरवर एक पूल बांधला जातोय, प्रत्येक खेपेला त्याचा एक खांब वाढतो. पूल पुरा होतो आणि हाक येत नाही. एवढंच. दहा मिनिटं.

शेवटी तरवाल्याचं चित्र राहिलं. जुन्या गेममधल्या चित्रात तो नखाएवढा होता, आता तो पडद्यावरचा एकटा माणूस होता. मी धीर करून नाशिकला फोन लावला. म्हटलं, "शिव्या दे हव्या तर, पण एक चित्र पाहिजे."

"किती?"

"एक."

"एकच?" तो हसला. कितीतरी महिन्यांनी मी त्याला हसताना ऐकलं. संध्याकाळी चित्र आलं. तरवाल्याच्या खांद्यावर त्याने एक जुना टॉवेल टाकला होता, आणि तेवढ्याने तो माणूस माझ्या ओळखीचा झाला.

आम्ही तो खेळ इंटरनेटवर टाकला. ज्यांनी चार वर्षं मोठ्या गेमची वाट पाहिली होती त्यांतले काही चिडले. पण कुठल्याशा गावच्या एका बाईने लिहिलं, "पूल झाल्यावर कुणी हाक मारणार नाही हे मला कळलं होतं, तरी मी बराच वेळ थांबले." ते मी काकांना वाचून दाखवलं. त्यांनी परत वाचायला लावलं. मग म्हणाले, "काटा हलला बघ."

पुढच्या उधाणाला ते मला माहीमला घेऊन गेले. इतक्या दिवसांत कुणाला बरोबर नेलेलं मी पाहिलं नव्हतं. आम्ही सुरूच्या झाडांखाली बसलो. पाणी वर वर येत होतं. थोड्या वेळाने केळी-नारळाच्या वाडीतल्या वाटेने एक म्हातारी बाई स्टीलचा डबा घेऊन चालत आली. तिने डबा काकांच्या मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ह्याची बहीण मी. घर हितून दिसतं, ते बघा, कौलं दिसतात ती. पण ह्याला तिकडं यायचा नाय. महिन्यातून दोनदा मी डबा घेऊन हितं येते."

"ताय, पाहुण्यासमोर नको," काका म्हणाले.

"पाहुण्यासमोरच बोलते. तुज्यासमोर बोलून काय झाला आजवर?"

ती गेल्यावर मी विचारलं, जात का नाही? भांडण आहे?

"भांडण कसला? चौदा माणसं हाय त्या घरात. सगळी चांगली हाय. पण सगळी एकदम बोलतात. मला एका वेळी एकाशीच बोलता येतं." डब्यातलं कालवण ते सावकाश खात होते. "लहानपणापासून. शाळेत पण तसाच. लग्नाचा विषय निघाला तवा पण... पन्नास माणसं बघायला आली होती. मी मागच्या दारानं वाडीत गेलो तो दिवे लागल्यावर आलो."

ते हसले. मी हसलो नाही. त्यांनी खेळ लहान का केले, ते मला तोवर समजलं होतं असं वाटत होतं. आता दिसलं, की त्यांनी खेळाआधी बरंच काही लहान केलं होतं, आणि ते पंधरा दिवसांत परत वाढवता येण्यासारखं नव्हतं.

तीन-चार महिन्यांनी बहिणीला पक्षाघाताचा झटका आला. पालघरच्या दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा वाचा गेलेली होती, डावी बाजू पूर्ण आणि उजवी बरीचशी. भाचा फोनवर म्हणाला, "मामा, तुमी या एकदा." काका गेले. चौदा माणसांच्या घरात गेले आणि दिवसभर तिच्या खाटेशी बसले. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. अमावास्या नव्हती, पौर्णिमा नव्हती.

मला म्हणाले, "व्यायामाची बाई येते. मऊ चेंडू देते दाबायला. ताय दाबत नाय. तोंड फिरवते. अंगठा हलतो तिचा, मी बघितलाय. पण कशासाठी हलवायचा?"

त्या आठवड्यात खालून सकाळी आठच्या आधीच कळफलक वाजायला लागला. रविवारी आम्ही दोघं त्यांचा संगणक चादरीत गुंडाळून एसटीने निघालो. पालघरला रिक्षावाल्याने विचारलं, "देव हाय काय त्याच्यात?" काका म्हणाले, "हळू चालव."

खेळ बहिणीच्या घरच्या वाडीतला होता. विहीर, रहाट, पाट, आणि एक पानवेल. बटण दाबलं की रहाट थोडा फिरतो आणि पाणी वर येतं. पुरेसं वर आलं की पाटात पडतं आणि वेलीला एक पान फुटतं. काकांनी ती लांब पट्टी तिच्या अंगठ्याखाली ठेवली आणि पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडून बोलले, "ताय, पाणी काढ."

कितीतरी वेळ काही झालं नाही. खाटेच्या उशाशी तिचा नवरा बसला होता, काकांचे भावोजी. बारीक चणीचे, अबोल. बायको आजारी पडल्यापासून ते तिथून उठले नव्हते म्हणे. ते पडद्याकडे न बघता तिच्या हाताकडे बघत होते. मग अंगठा हलला. रहाट फिरला. पण दुसऱ्यांदा दाबायला तिला वेळ लागला आणि तोवर पाणी परत खाली गेलं. काकांनी तसंच केलं होतं, नाही दाबलं तर खाली जावं असं. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

काका तिथेच जमिनीवर बसले आणि दहा मिनिटांत ते काढून टाकलं. "आता खाली जाणार नाय," ते तिला म्हणाले. "जेवढा वर आला तेवढा आला. झोपलीस तरी तिथंच थांबेल."

तिने परत दाबलं. थांबली. परत दाबलं. पाणी पाटात पडलं तेव्हा घरातली सगळी माणसं दारात जमली होती आणि सगळी एकदम बोलायला लागली. भाचा म्हणाला, "मामा, भारी! याच्यात लेव्हल टाका ना. दहा वेली झाल्या की बागायत, मग नवीन विहीर. नायतर ती कंटाळेल."

"कंटाळली तर दुसरा बनवून देईन," काका म्हणाले. "तिला हा एवढाच पुरे. एवढा पण लय हाय."

घामाघूम झाले होते ते. पण उठले नाहीत. त्या गलक्यात मान खाली घालून ती वेल हिरवी होईपर्यंत बसून राहिले.

ती रोज खेळायची. व्यायामाच्या बाईने चेंडू परत नेला. पाच महिन्यांत तिचा उजवा हात कोपरापर्यंत उचलला जायला लागला. एकदा तिने काकांच्या गालाला हात लावला, असं ते मला सांगत होते आणि सांगताना जिन्याच्या कठड्यावरची धूळ बोटाने पुसत होते.

मी तोवर पुण्याला जायचं ठरवलं होतं. त्याच कंपनीने तिसऱ्यांदा बोलावलं. मुलाखतीत त्यांनी माझा मोठा गेम विचारला नाही, कारण त्यात दाखवण्यासारखं पुरं काही नव्हतंच. त्यांनी तरवाला खेळून पाहिला, तिथेच, माझ्यासमोर, आणि संपल्यावर परत सुरू केला. निघताना काकांच्या पाया पडलो. ते म्हणाले, "बरा हाय. जा." आणि लगेच आत गेले.

पुण्यात मी मोठ्या टीममध्ये काम करतो. चाळीस माणसं एका गेमवर. डबा खाताना सगळे एकदम बोलतात आणि मला काकांची आठवण येते. फ्लॅटवर आलो की कुलूप उघडायच्या आधी मी उगाच थोडा थांबतो. का, ते मला सांगता येणार नाही.

पावसाळ्यानंतर त्यांची बहीण गेली. दुसरा झटका. मला आठ दिवसांनी कळलं. फोन केला तर काका नेहमीच्या आवाजात बोलले. आता काय बनवताय, विचारलं. "काय नाय," म्हणाले. पुढच्या महिन्यात विचारलं, तरी काय नाय. त्याच्या पुढच्या महिन्यात मीच फोन करायचं टाळलं.

मग एका दुपारी त्यांचा आला. ते स्वतःहून फोन करत नसत.

"एक काम हाय. मला एक खेळ बनवून देशील?"

मला क्षणभर खरं वाटेना. "मी? तुम्हाला? काय हवंय त्यात?"

"काय नको. विहीर नको, वेल नको. फक्त अजून एक जण असू दे. मला बनवायला जमत नाय. मी लय वेळा बसलो. मी दुसरा माणूस घातला की तो काय करतो ते मलाच ठरवायला लागतं. मग तो मीच होतो."

मी म्हणालो, देतो. फोन ठेवल्यावर कंपनीच्या गच्चीवर जाऊन बराच वेळ उभा राहिलो.

पंधरा दिवसांत केला. एका पडद्यात. दोन म्हातारे एक लांब बांबू खांद्यावर घेऊन वाडीतून घरी निघालेत, एक पुढे, एक मागे. एकाचं पाऊल एका खेळणाऱ्याच्या बटणावर, दुसऱ्याचं दुसऱ्याच्या. एकाने घाई केली की बांबू पडतो, परत उचलायचा. एकट्याने खेळताच येत नाही. तो पाठवून दिला. काकांचं उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दोन गेले. मी स्वतःलाच दोष देत होतो. एकट्या माणसाला दोघांचा खेळ पाठवला, तो काय भिंतीशी खेळणार? तिसऱ्या रविवारी सकाळची गाडी पकडली. म्हटलं, आपणच जाऊन बसावं समोर.

सरावलीला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. दार उघडंच होतं. आतून आवाज येत होता.

"थांबा ना हो जरा! मागं मी हाय!"

"तुमीच लवकर टाकता पाय."

"पडला. बघा. परत पडला."

माहीमचे भावोजी होते. अंगावर धुतलेला शर्ट, पायाशी कापडी पिशवी, पिशवीतून केळफूल वर आलेलं. दोघं खांद्याला खांदा लावून पडद्यासमोर वाकले होते. चाळीस-पन्नास वर्षांच्या नात्यात हे दोघं एकमेकांशी किती बोलले असतील, देव जाणे. बांबू परत उचलला गेला. एक पाऊल. एक पाऊल.

माझी सावली आत पडली तसे काका मान न वळवता म्हणाले, "बस बाहेर जरा. आमी वाटेत हाय."

मी पायातले बूट काढले आणि उंबऱ्यावर बसलो.